खांब पक्के, बरगे सुटे

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, मधले 'अं...' आणि 'म्हणजे बघा' तेवढे कमी केलेत.

आजचा प्रश्न एका वाक्यात सांगते. ज्या कामाला मालक नाही, हजेरीपट नाही, बहुतेकांना पगारही नाही, पण माणसं मात्र शेकड्यानं आहेत, तिथं नियम किती घट्ट असावेत?

हा प्रश्न ओपन सोर्सवाल्यांचा आहे. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या तळाशी लिनक्सचा गाभा आहे. कॉलेजात पायथन शिकवतात, ती भाषा ओपन सोर्स. तुम्ही रोज उघडता त्या कितीतरी वेबसाइट डेबियनवर किंवा डेबियनपासून निघालेल्या उबुंटूवर चालतात. या सगळ्यांचा कोड कुणीही बघू शकतं, बदलू शकतं, सुधारणा पाठवू शकतं. पण पाठवलेली सुधारणा घ्यायची की नाही, हे कोण ठरवणार? भांडण झालं तर कोण मिटवणार? गेली तीस वर्षं यावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, सगळं लिहून काढा, म्हणजे कुणावर अन्याय होणार नाही. दुसरा म्हणतो, नियमांचं पुस्तक आलं की काम करणारी माणसं निघून जातात आणि पुस्तक वाचून दाखवणारी उरतात.

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण घट्ट की सैल, असा एकच प्रश्न विचारला तर उत्तर हाती लागत नाही. मला हे समजून घ्यायला सगळ्यात उपयोगी पडला तो आपल्या नदीवरचा बंधारा. म्हणून आधी कोल्हापूर, मग धुळे-नाशिक आणि मग कॉम्प्युटर, असा आजचा रस्ता आहे.

आपल्या नावाचा बंधारा

'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव महाराष्ट्रभर सरकारी कागदांवर दिसतं. थोडक्यात को. प. बंधारा. इंजिनिअर लोक त्यालाच के. टी. वेअर म्हणतात, म्हणजे कोल्हापूर टाइप. आपल्या भागात ही रचना रूढ झाली आणि इथून ती राज्यात सगळीकडे गेली.

रचना अगदी साधी. नदीच्या पात्रात ओळीनं दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभे करायचे. खांबांना उभ्या खाचा ठेवायच्या. पावसाळा संपला की, साधारण ऑक्टोबरात, त्या खाचांमध्ये आडव्या फळ्या घालायच्या. यांनाच आपण बरगे म्हणतो. पूर्वी लाकडी असायचे, नंतर लोखंडी आले. बरगे घातले की पाणी अडतं. त्या पाण्यावर उन्हाळ्यापर्यंत मोटारी चालतात, ऊस उभा राहतो, गावांना प्यायला पाणी मिळतं. पुढचा पावसाळा यायच्या आत बरगे काढून घ्यायचे. मग पूर येतो तेव्हा नदी मोकळी वाहते, गाळ वाहून जातो, काठची जमीन पाण्याखाली जात नाही आणि बंधाऱ्यावर ताण येत नाही.

आता नीट बघा. या बंधाऱ्यात पक्कं काय आहे? खांब. ते पुरातही हलत नाहीत. सुटं काय आहे? बरगे. पण सुटं म्हणजे वाट्टेल तेव्हा वाट्टेल त्यानं काढायचं असं नाही. पावसाळ्यानंतर घालायचे आणि पावसाळ्याआधी काढायचे, हे पक्कं. नेमके कुठल्या दिवशी, हे मात्र त्या वर्षीच्या पावसावर. परतीचा पाऊस लांबला आणि बरगे आधीच घातले, तर पाणी फुगतं. फार उशीर केला, तर अडवायला पाणीच उरत नाही. मे महिन्यात काढायला कुणी गेलंच नाही, तर पहिल्या पुरात झाडं-ओंडके येऊन अडकतात, पाणी बाजूनं वाट काढतं आणि काठ तुटतो.

म्हणजे या एका बंधाऱ्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. काय हलणार नाही. काय हलेल. आणि हलणारी गोष्ट कुणी, कुठल्या काळात हलवायची. आपल्या वादात पहिल्या दोन गोष्टींवर रात्रंदिवस चर्चा होते. तिसरीवर फार कुणी बोलत नाही, आणि बहुतेक घोळ तिथंच होतो.

याच पाण्यावर वरच्या अंगाला, भोगावतीवर, दुसरा नमुना आहे. राधानगरी धरण. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम हाती घेतलं. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा ते अपुरं होतं, पूर्ण झालं स्वातंत्र्यानंतर. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की दरवाजा आपोआप उघडतो. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. हा आकडा जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. दरवाजा उघडायला कुणाची सही लागत नाही आणि कुणाच्या ओळखीनं तो बंदही राहत नाही.

आणि तिसरा नमुना राजाराम बंधाऱ्यावर. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा अख्खं शहर मोबाइलवर याच आकड्याकडे बघत बसलं होतं. हे ३९ आणि ४३ पूर आल्यावर बैठक घेऊन ठरवलेले नाहीत. नदी शांत असताना ठरवलेले आहेत. पाणी दारात आल्यावर 'आता धोका म्हणायचं का?' यावर मतदान घेता येत नाही. हे ध्यानात ठेवा, पायथनच्या गोष्टीत परत लागणार आहे.

लवचिकता कुणाच्या बाजूनं वाकते?

आता कुणी म्हणेल, मग सरळ आहे की. मोजके खांब ठेवा, बाकी सगळं माणसांच्या समजुतीवर सोडा. चांगली माणसं असली की चालतंय.

इथं कोल्हापूरचाच इतिहास आडवा येतो. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर बसले. त्या वेळी दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. बाकीच्यांना घेऊ नका असा लेखी नियम असण्याची गरजच नव्हती. नेमणूक करणारा 'योग्य माणूस' बघून नेमत होता आणि त्याला योग्य माणूस आपल्याच ओळखीत सापडत होता. आजच्या भाषेत सांगायचं तर व्यवस्था एकदम लवचिक होती. फक्त ती दरवेळी एकाच बाजूला वाकत होती.

२६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये आदेश छापून आला. महाराज त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. आदेश असा की इथून पुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांसाठी राखीव. ही गोष्ट आपण दर वर्षी ऐकतो. पण त्याच आदेशात आणखी एक कलम आहे, त्याबद्दल फार बोललं जात नाही. प्रत्येक खातेप्रमुखानं आपल्या खात्यात हे प्रमाण किती झालंय, याचा अहवाल दर तीन महिन्यांनी पाठवायचा.

मला हे कलम फार मोलाचं वाटतं. महाराजांना माहीत होतं की नुसता नियम करून भागत नाही. नियम सरकारी फडताळात पडून राहतो आणि काम जुन्याच पद्धतीनं चालू राहतं. म्हणून नियमासोबत मोजणी दिली. ५० टक्के हा खांब झाला आणि तो जागेवर आहे की नाही हे दर तिमाहीला बघायची सोयही झाली.

जिथं माणसाच्या मर्जीवर सोडलं की कमजोर माणूसच मागं पडतो, तिथं नियम घट्टच पाहिजे. ओपन सोर्समध्येही हाच प्रश्न येतो. ज्याला इंग्रजी फर्डं येतं, ज्याच्याकडे रात्री मोकळा वेळ आहे, जो सगळ्यांना आधीपासून ओळखतो, त्याला नियम नसले तरी चालतं. गडहिंग्लजच्या कॉलेजातून पहिल्यांदा कोड पाठवणाऱ्या पोरीला चालत नाही. तिला कुठं पाठवायचं, कोण बघणार, किती दिवसांत उत्तर येणार आणि नाही आलं तर कुणाला विचारायचं, हे लिहिलेलं लागतं.

अमेरिकेत जो फ्रीमन नावाच्या कार्यकर्तीनं १९७० च्या सुमारास स्त्रीचळवळीतल्या गटांबद्दल नेमकं हेच मांडलं. तिचं म्हणणं असं की रचना नसलेला गट असतच नाही. रचना लिहिलेली नसली की ती मैत्रीच्या वर्तुळात लपते आणि लपलेल्या रचनेला जाब विचारता येत नाही. तिचा हा निबंध ओपन सोर्सवाले आजही एकमेकांना वाचायला देतात.

याचा अनुभव मीही घेतलाय. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण मराठी शब्दयादीचं एक छोटं ओपन सोर्स काम करत होतो. नियम काहीच नव्हते. 'आपण सगळे दोस्तच की' हेच आमचं संविधान. बदल स्वीकारायचा अधिकार एकाच दोस्ताच्या खात्यावर होता. त्याला बाहेरगावी नोकरी लागली, तो कामात बुडाला. एका मुलीनं लागोपाठ तीन वेळा चांगल्या दुरुस्त्या पाठवल्या. त्या तशाच पडून राहिल्या. चौथ्यांदा काही आलं नाही. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं, पण बरगा काढायचा माणूसच जागेवर नव्हता.

फड: दर वर्षी नव्यानं ठरवायची शिस्त

आतापर्यंत राजा होता, सरकारी खातं होतं. दोन्ही नसताना, माणसांनी आपापसात ठरवून नियम चालवल्याचं उदाहरण हवं असेल, तर कोल्हापूर सोडून धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत जावं लागतं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी. तिथली फड पद्धत तीनशे-चारशे वर्षं जुनी मानली जाते.

नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालची शेती तीन-चार मोठ्या भागांत वाटलेली. त्या एकेका भागाला फड म्हणायचं. एका फडात त्या हंगामात एकच पीक. कुठल्या फडात काय घ्यायचं, हे शेतकरी मिळून ठरवणार. ऊस एका फडात, गहू दुसऱ्यात, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा.

मग ज्याची जमीन कोरड्या फडात, तो मेला ना? इथंच खरी गंमत आहे. शक्यतो प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. त्यामुळे एक फड कोरडा ठेवला तर थोडं नुकसान सगळ्यांचं आणि पाणी आलं तर फायदाही सगळ्यांचा. ज्याचं नुकसान होणार नाही असा माणूसच निर्णयाला बसलेला नसायचा.

दुसरी गोष्ट, शेताला पाणी मालक स्वतः द्यायचा नाही. त्यासाठी पाटकरी नेमलेला असायचा. तो ठरलेल्या क्रमानं एका शेतातून दुसऱ्या शेतात पाणी फिरवत जायचा. राखणीला जागल्या. यांचा मोबदला पिकातूनच जायचा. म्हणजे पाणी ज्याच्या शेतात जाणार आणि पाणी ज्याच्या हातात आहे, ही दोन माणसं वेगळी.

आता यात पक्कं काय होतं? क्रम, पाटकरी आणि तंगी सगळ्यांनी वाटून घ्यायची ही रीत. लवचिक काय होतं? पीक कुठलं, क्षेत्र किती. ते दर वर्षी पाणी बघून ठरायचं. म्हणजे नियम वाकवायची वेळ येऊ नये म्हणून बदलाची तारीखच नियमात घातलेली. पुढे वर मोठी धरणं झाली, विहिरी आल्या, ज्याला त्याला आपल्या मनाचं पीक घ्यायचं होतं, तसे बरेच फड खिळखिळे झाले. पण पद्धत इतकी शतकं टिकली, हे थोडं नाही.

जगात या विषयाचा अभ्यास करणारी सगळ्यात मोठी बाई म्हणजे एलिनॉर ऑस्ट्रॉम. त्यांच्याआधी गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं की सामायिक गायरान असलं की जो तो जास्त जनावरं सोडतो आणि गायरान संपतं. ऑस्ट्रॉमबाईंनी देशोदेशीचे पाट, कुरणं, मासेमारीचे किनारे बघून दाखवलं की असं व्हायलाच पाहिजे असं नाही. बऱ्याच ठिकाणी लोकांनी स्वतः नियम करून सामायिक गोष्ट शेकडो वर्षं जपली आहे. १९९० च्या पुस्तकात त्यांनी अशा टिकलेल्या व्यवस्थांमधल्या आठ समान गोष्टी सांगितल्या. त्यातल्या काही अशा: नियम त्या जागेला साजेसे असावेत, ज्यांना नियम लागू आहेत त्यांना ते बदलण्यात भाग घेता यावा, देखरेख असावी, पहिल्या चुकीला लहान शिक्षा आणि पुढे वाढत जावी, भांडण मिटवायची स्वस्त आणि जवळची जागा असावी. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आणि पाट ते कॉम्प्युटर ही उडी मी मारलेली नाही बरं का, ती ऑस्ट्रॉमबाईंच्या कामातच आहे. २००७ मध्ये शार्लट हेस यांच्यासोबत त्यांनी ज्ञान हीसुद्धा सामायिक संपत्ती आहे या विषयावर ग्रंथ संपादित केला. त्यात ओपन सोर्सवरही प्रकरण आहे.

एक शब्द गळाला, आणि डेबियन अडलं

आता डेबियन. १९९३ मध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानं हा प्रकल्प सुरू केला. १९९७ मध्ये त्यांनी एक सामाजिक करार लिहिला: आम्ही लोकांना काय देणार आणि कुठलं वचन मोडणार नाही. १९९८ मध्ये चक्क संविधान केलं. दर वर्षी प्रमुखाची निवडणूक, महत्त्वाच्या प्रश्नावर सगळ्या सदस्यांचं मतदान आणि संविधानासारखा पाया बदलायचा असेल तर तीनास एक असं बहुमत. पण याच संविधानात सुरुवातीलाच असंही आहे की कुणावरही काम करायची सक्ती नाही आणि आपापल्या कामातले निर्णय ज्यानं त्यानं घ्यावेत. खांबही आहेत आणि मोकळी जागाही.

करारातलं पहिलं वचन असं की डेबियन शंभर टक्के मुक्त सॉफ्टवेअर राहील. २००४ मध्ये या कराराच्या शब्दांची डागडुजी करायचा ठराव आला. मथळाच असा की काही विशेष नाही, भाषा सुधारतोय. ठराव मंजूर झाला. पहिल्या वचनातला 'सॉफ्टवेअर' हा शब्द गळाला आणि उरलं, डेबियन शंभर टक्के मुक्त राहील.

एक शब्द गेला तर काय बिघडलं? बरंच बिघडलं. आता हे वचन कागदपत्रांना लागू झालं आणि फर्मवेअरलाही. फर्मवेअर म्हणजे वायफाय कार्डासारख्या वस्तूच्या आत भरावा लागणारा छोटा प्रोग्राम. तो कंपन्या बंद स्वरूपातच देतात. पुढची आवृत्ती, जिचं नाव सार्ज, तयार होत आली होती. ती काढण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्यानं सांगितलं की नव्या शब्दांप्रमाणे ही आवृत्ती बाहेर काढता येत नाही. जगभर लोक वाट बघत होते आणि आपल्याच नियमानं आपलीच वाट अडली.

मग त्यांनी काय केलं? करार फाडला नाही. गुपचूप डोळेझाकही केली नाही. त्याच वर्षी दुसरा ठराव आणला: नवे शब्द सार्ज बाहेर पडल्यावर लागू होतील. तो मतदानानं मंजूर झाला. सार्ज जून २००५ मध्ये आलं.

पण गोष्ट संपली नाही. २००६ ला पुढच्या आवृत्तीच्या वेळी परत तोच प्रश्न, परत ठराव. २००८ ला परत. दरवेळी एवढ्यापुरती सूट. बंधाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर दर पावसाळ्यात एकच खांब आडवा येतोय आणि दरवेळी त्याच्या बाजूनं चर खणून पाणी काढलं जातंय. दरम्यान नवशिके लोक लॅपटॉपवर डेबियन टाकायला बसायचे आणि वायफायच सुरू व्हायचं नाही.

शेवटी २०२२ मध्ये त्यांनी करारच बदलला. फर्मवेअर लागत असेल तर ते मुक्त नसलं तरी अधिकृत इन्स्टॉलरमध्ये देता येईल, असं स्पष्ट लिहिलं. जून २०२३ मध्ये आलेली बारावी आवृत्ती त्याप्रमाणे आली. २००४ ते २०२२, अठरा वर्षं.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, सूट देणं वाईट नाही, पण उघड, मोजकी आणि मुदतीची द्यावी. दुसरी, तीच सूट तिसऱ्यांदा द्यावी लागली तर समजावं की अडचण पावसाची नाही, खांब चुकीच्या जागी आहे. तो हलवायला हिंमत लागते आणि हलवायचा रस्ता आधीपासून लिहिलेला लागतो. डेबियनकडे तो रस्ता होता, म्हणून भांडत-भांडत का होईना, ते पोहोचले.

पायथनचा राजा उठून गेला तेव्हा

पायथनची रीत अगदी उलटी. गुइडो व्हान रॉसम यांनी ही भाषा बनवली, १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली. चर्चा सगळ्यांनी करायची, शेवटचा शब्द गुइडोंचा. लोक प्रेमानं त्यांना 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' म्हणायचे. पंचवीसेक वर्षं हे छान चाललं. निर्णय लवकर व्हायचे आणि माणूस समंजस होता.

२०१८ मध्ये भाषेत एक नवं चिन्ह घ्यायचं की नाही, यावर मोठं रण पेटलं. गुइडोंनी ते मंजूर केलं. पण वादानं ते इतके थकले की १२ जुलैला त्यांनी पत्र लिहून पद सोडलं. वारस नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले.

आता कसं ठरवायचं हेच ठरलेलं नाही! राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ आठवा. इथं पाणी दारात आलं होतं आणि पातळीची पट्टीच रोवलेली नव्हती. आधी 'कारभार कसा चालवायचा' याचे प्रस्ताव मागवावे लागले. सात प्रस्ताव आले. डिसेंबरमध्ये मतदान होऊन एक निवडला गेला: पाच जणांचं मंडळ, प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर नव्यानं निवडणूक आणि पाचांपैकी दोनांपेक्षा जास्त माणसं एकाच कंपनीची नकोत. २०१९ च्या सुरुवातीला पहिलं मंडळ आलं. त्यात गुइडोही निवडून आले, पण आता पाचातले एक म्हणून.

'एका कंपनीचे दोनच' हा नियम मला फार आवडतो. तो कुणाच्याही प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. फक्त खांब कुठं हवा ते ओळखतो. बाकी मंडळानं काम कसं करायचं, यावर फारशी बंधनं नाहीत. शक्यतो मंडळानं आपले अधिकार कमीत कमी वापरावेत, असंच अपेक्षित आहे.

नदीचा फोर्क होत नाही

एक फरक मात्र सांगायला हवा, नाहीतर तुलना लंगडी राहील. ओपन सोर्समध्ये पटलं नाही तर कोडची नक्कल घेऊन वेगळं घर करता येतं. यालाच फोर्क म्हणतात. २०१४ मध्ये डेबियनमधल्या काही लोकांनी एका तांत्रिक निर्णयावरून तसंच केलं आणि 'देवुआन' सुरू झालं. नदीचं असं करता येत नाही. शिरोळच्या शेतकऱ्याला पंचगंगा पटली नाही म्हणून तो दुसरी पंचगंगा काढू शकत नाही. त्यामुळेच पाणी कमी असलं की पाटबंधारे खातं उपसाबंदी जाहीर करतं: अमुक तारखेपर्यंत मोटारी बंद. नाहीतर वरचे उपसतील आणि खालच्याला ओलावाच मिळेल.

ज्या ठिकाणाहून निघून जाता येत नाही, तिथं नियम जास्त पक्के आणि जास्त न्यायाचे लागतात. आणि कोडची नक्कल होते म्हणून ओपन सोर्सवाल्यांनीही फार निश्चिंत राहू नये. नावाची नक्कल होत नाही, वर्षानुवर्षांच्या विश्वासाची होत नाही आणि तीन वेळा उत्तर न मिळाल्यानं निघून गेलेल्या मुलीची तर नाहीच नाही.

तर मंडळी, तुमचा कॉलेजातला कोडिंग क्लब असेल, गणेश मंडळ असेल, सोसायटीच्या टाकीचं पाणी असेल किंवा तालमीचा हिशोब. 'नियम कडक ठेवायचे की सैल?' यावर रात्र घालवू नका. एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात ते लिहा जे कुणासाठीही वाकणार नाही, विशेषतः जिथं वाकलं तर नवखा किंवा कमजोर माणूस मार खाईल. हा रकाना छोटाच असू द्या. दुसऱ्यात ते लिहा जे दर हंगामाला बदलू शकतं. तिसऱ्यात लिहा, बदल कोण करणार, कधी करणार, आणि तो माणूस हजर नसला तर कोण. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर पहिले दोन कितीही सुंदर अक्षरात लिहा, पहिल्या पुरात वाहून जातील.

तुमच्या गावात पाणीपाळी कशी ठरते, बरगे घालायचा निर्णय कोण घेतं, जुने लोक काय सांगतात, हे घरी विचारून मला व्हॉइस नोटमध्ये नक्की पाठवा. आजीआजोबांच्या आवाजात पाठवलंत तर आणखी भारी. पुढच्या भागात भेटूच. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!